‘ईएलजी’ हे कारखानदाराचे नाव नव्हे



जुन्या बेल्जियन दुनळी बंदुकीवरील ‘ईएलजी’ ही अक्षरे कारखानदाराची, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. लंबवर्तुळातली ही अक्षरे लिएज शहराच्या चाचणीगृहाची मोहोर आहेत. तिथल्या अनेक कारखानदारांच्या बंदुकांवर ती आढळते. वर मुकुट असेल, तर ती चाचणी १८९३ किंवा त्यानंतरची. ताऱ्याखालचे अक्षर तपासनिसाचे. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’सारखे इंग्रजी नावही पुरावा ठरत नाही. अमेरिकी बाजारासाठी बेल्जियममध्ये अशी नावे कोरली जात. निर्माता शोधायचा, तर जाणकाराकडून नळ्या उतरवून घ्याव्यात आणि त्यांच्या खालच्या बाजूची आद्याक्षरे तपासावीत. चुकीच्या नावामुळे खऱ्या कारागिराचे श्रेय बुडते, म्हणून ही दुरुस्ती अवश्य छापावी.

– एक वाचक, पुणे