‘नैसर्गिक’ या विशेषणाविरुद्ध

दरवर्षी १३ डिसेंबरच्या सुमारास स्मिता पाटीलवर लेख येतात आणि त्यांत तीन गोष्टी हमखास असतात : बोलके डोळे, सावळा वर्ण आणि एकतिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. आमच्या खानदेशात त्यांत चौथीची भर पडते. ती शिरपूरकडची लेक, म्हणून तिच्या अभिनयाला इथल्या मातीचा वास! अमळनेरात साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या तोंडीही हे वाक्य ऐकू येते, म्हणून हा प्रतिवाद.

वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, हे खरेच. पण स्मिता १९५५ साली जन्मली पुण्यात. साने गुरुजींमुळे अमळनेरला आपल्या वाटणाऱ्या राष्ट्र सेवा दलाचे संस्कार तिच्यावर झाले, ते घरच्या निवडीने, मातीने नव्हे. पुढे मुंबई दूरदर्शनवर तिने बातम्या वाचल्या. ‘मंथन’मधली (१९७६) गुजराती खेड्यातली बिंदू, ‘जैत रे जैत’मधली (१९७७) ठाकर चिंधी, ‘चक्र’मधली (१९८१) झोपडपट्टीतली अम्मा : या तिघींची चाल निराळी, बोलणे निराळे, पुरुषासमोर उभे राहण्याची रीतही निराळी. यांपैकी तिचा ‘निसर्ग’ नेमका कोणता?

‘भूमिका’ (१९७७) पाहावा. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या या चित्रपटातली उषा स्वतःच नटी आहे. म्हणजे स्मिताला एकाच वेळी दोन अभिनय करायचे होते : जुन्या स्टुडिओंच्या काळातल्या नायिकेचा ठळक, प्रेक्षकाभिमुख अभिनय आणि कॅमेरा थांबल्यावरचे उषाचे तुटक, चिडके जगणे. ही दोन्ही टोके विशी नुकतीच ओलांडलेल्या मुलीने वेगळी राखली, आणि उषाला केवळ दयेचा विषय होऊ दिले नाही. हे आत्मकथनाचे वाचन आहे, भाष्य आहे. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘चक्र’साठी दुसरा.

‘उंबरठा’ची (१९८२) गोष्टही तीच. शांता निसळांची ‘बेघर’, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन : श्रेयाची वाटणी इथेच संपते. परंतु लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी पत्करणारी सुलभा प्रेक्षकाला सहज स्वार्थी वाटू शकली असती. स्मिता तिची वकिली करत नाही, क्षमाही मागत नाही. अधिकारपदाचा नवखा ताठरपणा आणि त्याखालची धास्ती ती एकत्र दाखवते. सुलभाविषयीचा निर्णय त्यामुळे आपल्यावर येऊन पडतो.

आपल्या माध्यमांतरावरच्या शोधनिबंधांत मात्र काय असते? कादंबरीतले प्रसंग, चित्रपटातले प्रसंग, गाळलेले, वाढवलेले. आणि शेवटी नटीसाठी एक ओळ : ‘उत्कृष्ट व नैसर्गिक अभिनय’.

कुणी म्हणेल, ही तर स्तुतीच आहे. शिवाय तिने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. घेतले नव्हते, हे मान्य. पण रीतसर शिक्षण नसलेल्या कवीच्या ओळीला आपण मातीचा उद्गार म्हणून सोडून देतो का? तिची घडण शोधतोच. ‘नैसर्गिक’ हा परिणाम आहे. आपण त्यालाच कारण समजतो. नसीरुद्दीन शहांच्या बाबतीत तयारीची, अभ्यासाची चर्चा होते आणि त्यांच्याच बरोबरीने कामे करणाऱ्या स्मिताच्या वाट्याला डोळे येतात, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

या शब्दाची किंमत आज इथल्या मुली मोजतात. कला मातीतूनच उगवत असेल, तर तालमीला जागा नको, शिकवणारा नको, संध्याकाळी उशिरा घरी येण्याची परवानगीही नको. पुढची स्मिता आपोआप उगवेल म्हणून हात जोडून बसले की झाले.

‘सांगत्ये ऐका’ वर्गात शिकवताना ‘भूमिका’तला एखादा प्रसंग जरूर दाखवावा, आणि त्यात स्मिता काय काय करते ते विद्यार्थ्यांकडून एकही विशेषण न वापरता लिहून घ्यावे. तिच्यावरचे खरे लेखन तिथून सुरू होईल.