घरच्या पुस्तकांची यादी ॲपमधून गायब? थांबा, ‘क्लिअर डेटा’ दाबू नका

समजा, येडगावच्या घरी आजोबांची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि सुट्टीत बसून तुम्ही ती सगळी फोनमधल्या ॲपमध्ये नोंदवलीत. एक दिवस उघडून बघता, तर निम्मे रकाने कोरे! अशा वेळी बोट सरळ ‘क्लिअर डेटा’वर जातं. ‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरत्या फाइल्सच जातात, ‘क्लिअर डेटा’ने मात्र फोनमधली मूळ यादीच पुसली जाते.

मुखपृष्ठ, लेखकाचं नाव वगैरे माहिती अशी ॲप्स बहुतेकदा आयएसबीएन क्रमांकावरून बाहेरून आणतात. बाहेरचं दार बंद झालं की पंचाईत. गुडरीड्सने डिसेंबर २०२० मध्ये नव्या एपीआय की देणं थांबवलं, ते असंच एक दार. तरी नवं पुस्तक दुसरीकडून पुन्हा स्कॅन होईल. पण आयएसबीएनचं मानक आलं १९७० मध्ये. आजोबांच्या १९६० च्या आवृत्तीवर तो क्रमांक कुठून असणार? ती नोंद तुम्ही हाताने टाइप केलेली. कोणतं पुस्तक जुन्नरच्या मावशीकडे गेलंय, हेही कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला माहीत नाही.

कॉम्प्युटरवरचं कॅलिबर इथे हुशार आहे. ते प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये माहितीची वेगळी ओपीएफ फाइल ठेवतं, त्यामुळे डेटाबेस बिघडला तरी ‘रिस्टोअर डेटाबेस’ने यादी परत उभी राहते.

फोनवर मात्र जुनी सीएसव्ही फाइल शोधा. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते. सापडली तरी लगेच इम्पोर्ट नको, आधी आत्ताची अर्धवट यादी वेगळ्या नावाने एक्सपोर्ट करा.