बैलाच्या मृत्यूची खबर कोणी द्यायची?

पावसाळा सुरू झाला की विजेच्या धक्क्याने बैल किंवा म्हैस दगावल्याच्या दोन-तीन ओळींच्या बातम्या जिल्हावार्तांच्या पानावर दिसू लागतात. वाचणारा हळहळतो, गाव नशिबाला बोल लावते आणि प्रकरण तिथेच मिटते. वस्तुतः या मृत्यूंत नशिबाचा भाग फार थोडा असतो.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांचेच पाहा. सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. डोंगरवाड्यांत मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. तेथे अर्थिंगचा खड्डा मुळात खोल जात नाही, आणि त्यात भरलेले मीठ चार पावसाळ्यांत धुऊन जाते. अर्थिंग कमजोर असले, की चिनी मातीचे इन्सुलेटर फुटून खांबात उतरलेला प्रवाह फ्यूज उडवण्याइतका वाढतच नाही. डीपीत फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असेल तर बोलायलाच नको. खांब आणि त्याची ताणाची तार तासन्‌तास 'जिवंत' राहतात, आणि भोवतालच्या ओल्या जमिनीत वीज पसरते.

अशा जमिनीवर माणूस बचावतो आणि बैल पडतो, याचे गावकऱ्यांना नवल वाटते. कारण साधे आहे. खांबापासून दूर जावे तसा जमिनीतील दाब उतरत जातो. माणसाच्या दोन पावलांत अंतर थोडे, आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत मीटरभराहून अधिक अंतर असते. त्यामुळे त्याच्या वाट्याला दाब अधिक येतो, आणि प्रवाहाची वाट थेट छातीतून जाते. पडलेल्या जनावराकडे धावणारा मालकही याच मार्गाने प्राणास मुकतो. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाता कामा नये, हे वाडीवाडीत सांगितले पाहिजे.

गोठ्यातील प्रकार याहून मुका. पत्र्याखालून ओढलेली बल्बची वायर सोललेली असते, न्यूट्रलचा जोड ढिला असतो, आणि लोखंडी टाकीत दोन-चार व्होल्ट उतरतात. माणसाला ते जाणवतही नाहीत. म्हैस मात्र टाकीला तोंड लावताच मागे सरते, पाणी कमी पिते, दूध आटवते. घरची बाई दृष्ट काढते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९१ साली या एकाच विषयावर हस्तपुस्तिका काढली. आपल्याकडे तो अजून मीठ-मोहऱ्यांवर सोपवलेला आहे!

कायदा मात्र याबाबतीत मुका नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचे कलम १६१ माणसाच्या जिवाबरोबर जनावराच्या जिवाचाही स्पष्ट उल्लेख करते. अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला देणे हे वीज पुरवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि २००५ च्या नियमांनुसार प्राणघातक अपघाताची पहिली खबर २४ तासांच्या आत जायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात, तुटलेल्या तारेने माणूस दगावला असता, हलगर्जी सिद्ध होवो वा न होवो, धोक्याचा व्यवसाय करणारा भरपाईस बांधील आहे, असा निर्वाळा दिला. एवढे असून शेतकऱ्याच्या हाती काही पडत नाही, कारण जनावर त्याच संध्याकाळी पुरले जाते. पंचनामा नाही, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे शवविच्छेदन नाही, मग निरीक्षकाचा अहवाल यायचा कोठून? ज्याची सारी शेती एका बैलजोडीवर उभी आहे, त्याला एक बैल गेल्यावर दुसराही विकावा लागतो. ही झळ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी हाती घ्याव्यात. जनावर दगावले की ते पुरण्यापूर्वी पंचनामा व शवविच्छेदन करवून घ्यावे आणि निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्यावा. वायरमनच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुसरी गोष्ट ग्रामसभेची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात विजेचे असंख्य खांब आडवे केले. जुलै २०२१ मध्ये महापूर आला आणि दरडी कोसळल्या. त्यानंतर घाईने उभारलेल्या प्रत्येक खांबाचे अर्थिंग मोजले गेले काय, हे महावितरणला लेखी विचारावे आणि प्रत्येक डीपीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची मागणी करावी. हे मोजमाप मे महिन्यातच झाले पाहिजे. कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध सर्वांत जास्त असतो. पावसात घेतलेला आकडा खड्ड्याची खरी अवस्था झाकून ठेवतो.