अर्ध्या किमतीचा नियम

अमेरिकेत पूरविमा सरकारी आहे, हे ऐकून मुक्त बाजारपेठेच्या भक्तांची पंचाईत होईल. पुराची जोखीम खाजगी विमा कंपन्यांना परवडेना, म्हणून १९६८ च्या कायद्याने ती शासनाने शिरावर घेतली. १९८३ पासून कंपन्या परतल्या त्या पॉलिसी विकण्यापुरत्या. मोबदला त्यांचा, भरपाईचा बोजा सरकारचा.

या योजनेत सामील झालेल्या गावांना एक नियम पाळावा लागतो. पूरक्षेत्रातील जुन्या घराच्या नूतनीकरणाचा खर्च त्याच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा अधिक झाला, तर ते घर नव्याच्या नियमाखाली येते. मग त्याचा तळमजला निदान पूररेषेइतका, म्हणजे दरवर्षी शंभरांत एक शक्यता असलेल्या पुराच्या पातळीइतका, उचलावा लागतो. नियम न पाळणारे गाव योजनेतून निलंबित होऊ शकते. सतत बुडणारे घर सार्वजनिक पैशाने पुन्हा पुन्हा तसेच उभारू नये, हा हेतू योग्यच आहे. आक्षेप आहे तो मोजपट्टीला.

किंमत धरायची ती केवळ इमारतीची, जमिनीची नव्हे. समजा, एक बंगला ५ लाख डॉलरचा आहे. त्याचा मालक अडीच लाखांच्या आत हवे तितके संगमरवर बसवू शकतो. ६० हजारांच्या जुन्या लाकडी घरातील कामगाराने छप्पर, विजेच्या तारा आणि स्वयंपाकघर बदलले की ३० हजारांची मर्यादा संपते. सिमेंटचा आणि सुताराचा दर मात्र दोघांनाही एकच! शेजाऱ्यांनी फुकट केलेले श्रम आणि देणगीचे साहित्यदेखील बाजारभावाने या खर्चात धरले जाते. एरवी श्रमाचे मोल देताना हात आखडणारी व्यवस्था येथे ते पै न् पै मोजते.

घर उंच करण्यासाठी विम्यातून फार तर ३० हजार डॉलर मिळतात, तेही पुराने मोठी हानी केली असेल तर. पूर येण्यापूर्वी आपणहून दुरुस्ती करणाऱ्यास त्यातले काहीच मिळत नाही. कामाचे तुकडे पाडावेत, तर काही नगरपालिका अनेक वर्षांचा खर्च एकत्र मोजतात. मग गळके छप्पर तसेच राहते, किंवा जागा बिल्डरकडे जाते.

२०१७ साली अमेरिकी संसदेने याच योजनेचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले. तेव्हा पैशाची सबब चालणार नाही. नियम राहावा, मात्र अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला घर उचलण्याचा खर्च सरकारने दुरुस्तीपूर्वीच द्यावा.