अर्धे सत्य आणि यीस्टचा पुरावा

‘प्रतिजैविके जंतूंना मारतात, आपल्या पेशींना धक्का लावीत नाहीत,’ असे आपण सर्रास म्हणतो. हे अर्धेच सत्य आहे. पुरावा हवा असेल तर पाव फुगवणारे यीस्ट पाहा.

यीस्टच्या पेशीत बहुतेक प्रथिने पेशीद्रवात बनतात. प्रमुख अशी ८ मात्र तंतुकणिकांमध्ये. तंतुकणिकांतील रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल तेथील प्रथिननिर्मितीही रोखते. अशा यीस्टला ग्लुकोज दिले तर ते आंबवण्याच्या क्रियेवर जगते. ग्लिसरॉल दिले तर वाढ थांबते. कारण त्यासाठी श्वसन हवे, आणि श्वसनासाठी ती प्रथिने.

पण काही यीस्ट औषधाला दाद देत नाही. ऑस्ट्रेलियातील अँथनी लिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले की, एरिथ्रोमायसिनला न जुमानण्याचा गुण पेशीकेंद्राबाहेरून वारशाने येतो. पुढे उलगडा झाला : तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत बदल होऊन तिच्या रायबोसोमवरची औषधाची पकड सुटते आणि प्रथिने बनत राहतात.

तंतुकणिका आपल्याही पेशींत आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावू शकते, त्यामागे हेच कारण आहे. तेव्हा विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर मनानेच प्रतिजैविक घेऊ नका. डॉक्टरांनी दिले, तर सांगितले तसेच घ्या.

शिक्षकांनाही एक विनंती. ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढेच पाठ करून घेऊ नका. यीस्टची ही हकिकतही वर्गात सांगा.