जासईच्या रस्त्याला किती अश्वशक्ती पुरे?

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेल्या बदलाने मोटारसायकलींच्या बाजारात एक ठळक रेषा ओढली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढील दुचाकींवर उपकर धरून ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. रस्त्यावर उतरेपर्यंत साधारण दोन लाखांत जाणारी लहान स्पोर्ट मोटारसायकल घ्यावी, की हप्ता वाढवून तीन लाखांपुढची अधिक ताकदीची घ्यावी, या तरुणांच्या जुन्या प्रश्नाला त्यामुळे नवे गणित मिळाले. मात्र हे गणित फक्त पैशांचे नाही. तसे ते असते, तर जासईसारख्या गावात त्याचे उत्तर एवढे अवघड झाले नसते.

उरण तालुक्यातील जासई हे दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये या परिसरात झालेल्या शेतकरी आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्याचेच फलित. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात बंदर आले, सिडकोच्या वसाहती आल्या आणि रुंद रस्तेही आले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनरची हाताळणी केली. त्यांतील मोठा हिस्सा ट्रेलरवर लादून याच परिसरातून पुढे जातो.

गावाच्या वेशीवर वेगही येऊन थांबला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जासईलगतच्या चिर्ले येथे जमिनीवर उतरतो. त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, पण दुचाकींना प्रवेश नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबईचा पूर्व मुक्त मार्गही त्यांना बंद आहेत. म्हणजे जेथे मोठ्या इंजिनाचा कस लागावा, ते रस्ते दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतच नाहीत. त्याच्या वाट्याला येतात ते उरण-पनवेल रस्ता, बेलापूरकडे जाणारा आम्र मार्ग आणि तेथली अवजड वाहने.

या पार्श्वभूमीवर दोन पर्याय तपासून पाहावेत. यामाहाच्या आर १५ चे इंजिन १५५ सीसीचे असून त्याची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, तर गाडीचे वजन १४० किलोच्या आसपास आहे. टीव्हीएसच्या अपाची आरआर ३१० चे ३१२ सीसीचे इंजिन सुमारे ३८ अश्वशक्ती देते आणि गाडीचे वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. केटीएमच्या आरसी ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन ४३ अश्वशक्तीच्या पुढे जाते. वजनात तीसेक किलोंची भर आणि शक्तीत दुपटीहून अधिक वाढ, असा हा फरक आहे.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. करापूर्वी दोन लाख रुपये किंमत असलेल्या गाडीवर ३५० सीसीच्या अलीकडे ३६ हजार रुपये कर बसतो, पलीकडे ८० हजार. महाराष्ट्रात एकरकमी वाहन कराचेही इंजिनाच्या आकारानुसार टप्पे आहेत आणि मोठ्या इंजिनाला दर अधिक पडतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा १५० ते ३५० सीसी गटासाठी ७,३६५ रुपये, तर त्यापुढे १५,११७ रुपये होता. शिवाय रुंद रेडियल टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि पेट्रोल हा खर्च दर महिन्याचा. तीनशे सीसीची गाडी ३५० च्या रेषेअलीकडे राहून कराचा फायदा घेते, हे खरे. पण हप्ता भागवून हेल्मेट आणि जाकिटासाठी पैसे उरणार नसतील, तर ती गाडी खिशाला मोठी झाली असेच म्हणावे लागेल.

हा मोह एका दिवसात निर्माण झालेला नाही. १९९९ मध्ये हीरो होंडाची सीबीझेड आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर. मायलेज हाच एकमेव निकष मानणाऱ्या ग्राहकाला या दोन गाड्यांनी वेगाची गोडी लावली. २००३ मध्ये करिझ्मा आणि २००८ मध्ये आर १५ आली, आणि शर्यतीच्या गाडीचे रूप मध्यमवर्गीयांच्या दारात उभे राहिले. पुढचा अध्याय पुण्याजवळच्या चाकणमध्ये लिहिला गेला. बजाजच्या तेथील कारखान्यात तयार होणारी केटीएमची १२५ सीसीची ड्यूक २०११ मध्ये युरोपात विक्रीला गेली. भारतात मात्र २०१२ मध्ये २०० सीसीची आणि २०१३ मध्ये ३९० ची ड्यूक आली. १२५ ची ड्यूक येथील ग्राहकाला मिळाली ती २०१८ च्या अखेरीस. चाकणची सर्वांत लहान गाडी युरोपातील नवशिक्यांसाठी रवाना झाली आणि येथील नवशिक्यांच्या हाती आधी मोठ्या गाड्या पडल्या.

यामागे केवळ बाजाराची आवड नव्हती. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून मोटारसायकल परवान्याच्या समान पायऱ्या लागू आहेत. पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे सुमारे १५ अश्वशक्तीपर्यंतची. दुसरी ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतची. त्यापुढच्या अमर्याद शक्तीसाठी दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढावी लागतात, किंवा थेट परवाना हवा असल्यास साधारणपणे वयाची चोविशी गाठावी लागते. या मापाने पाहिल्यास आपल्याकडे ‘लहान’ म्हणवली जाणारी आर १५ पहिल्या पायरीत बसत नाही, आणि आरसी ३९० दुसऱ्या पायरीच्या वरच्या टोकाजवळ जाते.

भारतात अशी पायरीच नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची मुभा मिळते आणि अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचा परवाना. त्यानंतर शंभर सीसीची गाडी चालवायची की हजार सीसीची, हे कायदा विचारत नाही. सरकार वस्तू व सेवा कर घेताना इंजिन मोजते, वाहन कर घेताना मोजते, तृतीय पक्ष विम्याचे दर ठरवतानाही मोजते. ज्याच्या हाती हे इंजिन जाणार त्याची तयारी मात्र मोजली जात नाही. ३५० सीसीची रेषा तिजोरीसाठी आखलेली आहे. सुरक्षिततेशी तिचा संबंध नाही. ३१२ सीसीवर कर कमी आहे म्हणून ती गाडी नवशिक्याला झेपेलच, असा अर्थ कोणी काढू नये.

या उणिवेची किंमत रस्त्यावर मोजली जाते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर मृत्यूही याच वर्षातले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला समोर अडथळा दिसल्यापासून, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ४० मीटर लागतात. ताशी १०० ला हेच अंतर ९० मीटरच्या पुढे जाते. वेग दुपटीहून कमी वाढतो, अंतर दुपटीहून अधिक. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे चाक जखडत नाही; मात्र सांडलेली खडी, पावसाने निसरडा झालेला रस्ता आणि वळणाऱ्या ट्रेलरच्या चालकाला न दिसणारा कोपरा यांवर त्याचा इलाज चालत नाही.

मोठ्या गाडीची बाजूही तेवढ्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. महामार्गावर ट्रकला ओलांडताना राखीव ताकद हाताशी असणे उपयोगाचे असते. पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याच्या प्रवासात जोडीला दुसरी व्यक्ती आणि सामान असेल, तर दीडशे सीसीचे इंजिन सतत ताणले जाते. आधी लहान आणि दोन वर्षांनी मोठी गाडी घेतल्यास जुनी विकताना तोटा होतो, हा आक्षेपही रास्त आहे. पाच-सात वर्षे मोटारसायकल चालवलेल्या, वर्षातून अनेकदा लांबचा प्रवास करणाऱ्या व्यक्तीने ३०० सीसीची गाडी निवडली, तर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेलाच मानावा लागेल.

पण पहिलीच गिअरची गाडी घेणाऱ्या, रोज जासईहून उरण, पनवेल किंवा बेलापूर गाठणाऱ्या तरुणाला हा युक्तिवाद लागू पडत नाही. त्या रस्त्यावर ४० अश्वशक्तींपैकी निम्मीही क्वचितच वापरात येईल. आणि ती पूर्ण वापरली जाईल तो क्षण बहुधा चुकीचा असेल. लहान गाडीवर चूक झाली तर सावरायला थोडा अवधी मिळतो. ब्रेक किती दाबावा, वळणावर नजर कोठे ठेवावी, अवजड वाहनाच्या बाजूला किती वेळ राहू नये, हे शिकायला १८ अश्वशक्ती पुरेशा आहेत. जुनी गाडी विकताना होणारा काही हजारांचा तोटा ही त्या शिक्षणाची फी समजावी. रुग्णालयाच्या एका बिलापुढे ती स्वस्तच ठरेल.

परवान्याला शक्तीनुसार पायऱ्या जोडणे हे सरकारचे काम आहे. त्यासाठी नवी मोजपट्टी शोधण्याचीही गरज नाही. कर आकारण्यासाठी वापरली जाणारी मोजपट्टी परवाना देणाऱ्या खिडकीपर्यंत नेली तरी सुरुवात होईल. ती जाईपर्यंत हे काम घराघरांतच व्हायचे आहे, आणि गाडीच्या कर्जावर सही करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. मुलाला गाडी कोणती आवडते हे त्यांना ठाऊक असतेच. त्याने आजवर कोणती, कोठे आणि किती काळ चालवली, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायला हवा.