विश्लेषण : आलिशान यॉटचे ‘घर’ कसे ठरते? ८८७ कोटींची मुंबई मरीना आणि डोंबिवलीकरांचा त्याच्याशी संबंध

डोंबिवली : मुंबई बंदरात ४२४ यॉट उभ्या राहू शकतील अशी मरीना उभारण्यासाठी मुंबई बंदर प्राधिकरणाने २०२५च्या अखेरीस निविदा मागवल्या. ‘विकसित भारत मुंबई मरीना’ असे या प्रकल्पाचे नाव असून अंदाजित खर्च ८८७ कोटी रुपये आहे. अब्जाधीशांच्या बोटी उभ्या करण्यासाठी एवढा खर्च का, असा प्रश्न लोकलला लटकून जाणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर या बोटी आज जिथे राहतात त्या भूमध्य समुद्राकडे आधी पाहावे लागेल. तिथली बंदरे केवळ निळ्या पाण्यामुळे श्रीमंत झालेली नाहीत.

होम पोर्ट म्हणजे नेमके काय?

यॉटला दोन पत्ते असतात. पहिला पत्ता नोंदणीचा, म्हणजे ती कोणत्या देशाचा ध्वज लावते तो. दुसरा पत्ता होम पोर्टचा, म्हणजे वर्षातला बराच काळ ती जिथे उभी असते, जिथे तिची दुरुस्ती होते आणि जिथून कर्मचारी कामावर चढतात ते बंदर. गाडीची नंबरप्लेट एका आरटीओची आणि पार्किंग दुसऱ्याच शहरातल्या सोसायटीत, असे आपल्याकडेही घडते. यॉटच्या बाबतीत तो जवळपास नियमच आहे. नोंदणी आयल ऑफ मॅन किंवा केमन बेटांवरची आणि मुक्काम फ्रान्सच्या आंतिबला किंवा स्पेनच्या पाल्माला.

मुक्कामाचे बंदर निवडताना मालकाचा व्यवस्थापक चार गोष्टी पाहतो : पाणी, दुरुस्तीची सोय, कर आणि कायदा. देखावा त्यानंतर येतो.

भूमध्य समुद्रच का?

पहिले कारण भरती-ओहोटीचे. भूमध्य समुद्रातील बहुतेक बंदरांत भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो. त्यामुळे बोटीची मागची बाजू थेट धक्क्याला लावून फळी टाकली की माणूस चालत उतरतो. मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी हाच फरक सुमारे पाच मीटर, म्हणजे जवळपास दीड मजला होतो. सकाळी धक्क्याच्या बरोबरीला असलेली बोट दुपारी खाली खोलात दिसते.

दुसरे कारण हंगामाचे. मे ते ऑक्टोबर हा तिथला फिरण्याचा काळ. हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून तळ घासणे, रंग देणे, इंजिन उघडणे, वातानुकूलन आणि वायरिंग तपासणे ही कामे होतात. या व्यवसायातला ढोबळ ठोकताळा असा, की यॉट चालवण्याचा वार्षिक खर्च तिच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास जातो. १०० कोटींची बोट असेल तर दरवर्षी सुमारे १० कोटी. पगार, इंधन, विमा, जागेचे भाडे आणि दुरुस्ती यांवर ही रक्कम जाते आणि त्यातला मोठा हिस्सा होम पोर्टच्या गावात खर्च होतो.

फ्रान्समधील ला सिओता हे याचे ठळक उदाहरण. तिथला जहाजबांधणीचा मोठा कारखाना १९८०च्या दशकात बंद पडला आणि गावावर बेकारीचे संकट आले. आज त्याच क्रेन आणि गोद्यांमध्ये मोठ्या यॉटची दुरुस्ती चालते. माँटेनेग्रोतील तिवात येथे १८८९मध्ये सुरू झालेला ऑस्ट्रिया-हंगेरीचा नौदल तळ होता, तिथे आता सुमारे ४५० बोटींची मरीना आहे. आंतिबच्या व्होबां बंदरात दीड हजाराहून अधिक जागा आहेत. तिथे अगदी छोट्या मासेमारी बोटीही उभ्या असतात, हे विशेष.

कराचे गणित काय?

युरोपीय संघातील रहिवाशाला आपली यॉट तिथे वापरायची तर तिच्यावर मूल्यवर्धित कर भरलेला असावा लागतो. या कराचा सर्वसाधारण दर माल्टात १८, फ्रान्समध्ये २०, स्पेनमध्ये २१, इटलीत २२, ग्रीसमध्ये २४ आणि क्रोएशियात २५ टक्के आहे. मात्र मालक संघाबाहेरचा आणि बोटीची नोंदणीही बाहेरची असेल, तर खासगी वापरासाठी १८ महिन्यांपर्यंत हा कर न भरता बोट ठेवता येते. मुदत संपत आली की बोट तुर्की किंवा माँटेनेग्रोसारख्या संघाबाहेरच्या देशात जाऊन परत येते. तिवातच्या भरभराटीमागे हेही एक कारण आहे.

भारतात २२ सप्टेंबर २०२५पासून यॉटवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. त्याआधी मूळ दर २८ टक्के होता. बोट परदेशातून आणल्यास आयात शुल्क वेगळे. चैनीच्या वस्तूवर जास्त कर असावा ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण त्याचा परिणाम असा, की ज्याला परवडते तो बोट परदेशातच घेतो आणि परदेशातच ठेवतो. दरवर्षीच्या दहा टक्क्यांचे काम मग ला सिओता किंवा पाल्माच्या कामगाराला मिळते.

मुंबईत आतापर्यंत का जमले नाही?

मुंबईला यॉटची परंपरा जुनी आहे. अपोलो बंदरावरील रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. तरीही सर्व सुविधा असलेली सार्वजनिक मरीना शहरात अजून नाही. गेटवेसमोर दिसणाऱ्या यॉट समुद्रतळाशी बांधलेल्या बोयांना अडकवलेल्या असतात आणि मालकाला छोट्या होडीतून तिथपर्यंत जावे लागते. वीज, पाणी, सांडपाणी काढण्याची सोय धक्क्यावर मिळत नाही.

पाच मीटरची भरती, सतत साचणारा गाळ आणि पावसाळा या तीन अडचणी मोठ्या आहेत. जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा मार्गावरील साध्या प्रवासी बोटी बंद असतात. या काळात खुल्या पाण्यात महागडी बोट ठेवण्याचा धोका कोणी पत्करत नाही.

नव्या मरीनात काय असेल?

सुमारे १२ हेक्टर जलक्षेत्रात ३० मीटरपर्यंत लांबीच्या बोटींसाठी जागा असतील. लाटांचा जोर कमी करण्यासाठी खांबांवर उभारलेली रचना, किनाऱ्यापासून आत जाणारा मार्ग आणि तरंगते धक्के प्रस्तावित आहेत. तरंगता धक्का म्हणजे खांबांना कड्यांनी अडकवलेला तराफा. भरतीला तो बोटीबरोबर वर येतो आणि ओहोटीला खाली जातो. पाच मीटरच्या फरकावरचा हाच व्यवहार्य उपाय.

खर्चाची विभागणी महत्त्वाची आहे. सुमारे ४७० कोटी रुपये बंदर प्राधिकरण, म्हणजे सरकारी संस्था, पाण्यातील मूलभूत कामांसाठी देणार आहे. उरलेले सुमारे ४१७ कोटी खासगी कंपनीने किनाऱ्यावरील सुविधांसाठी घालायचे आहेत. त्यात मरीना टर्मिनल, नौकानयन प्रशिक्षण शाळा, हॉटेल आणि क्लब, बोटी रचून ठेवण्याची व दुरुस्तीची जागा यांचा समावेश आहे. दोन हजारांहून अधिक रोजगार मिळतील, असा सरकारचा अंदाज आहे.

साधा भागाकार केला तर एका बोटीच्या जागेमागे सरकारी गुंतवणूक सुमारे १ कोटी ११ लाख रुपये येते. ही रक्कम वाया जाते की परत येते, हे हॉटेल किती चालते त्यापेक्षा दुरुस्तीची जागा किती मोठी आणि किती खुली आहे यावर ठरेल. केवळ बोटी उभ्या राहिल्या तर ते महागडे पार्किंग असेल. दुरुस्ती, प्रशिक्षण आणि सुटे भाग यांची साखळी उभी राहिली तरच त्याला होम पोर्ट म्हणता येईल.

किनाऱ्याची जागा नेमकी कोणासाठी, हा वादही नवा नाही. गेटवेजवळच्या रेडिओ क्लब परिसरातील २२९ कोटींच्या प्रवासी जेट्टीला कुलाब्यातील रहिवाशांनी वाहतूक कोंडी आणि वारशाच्या मुद्द्यावर विरोध केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये अटींसह प्रकल्पाला परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मरीनाच्या बाबतीतही सामान्य माणसाला किनाऱ्यावर जाता येईल का, हा प्रश्न विचारला जाणारच.

बंदराचा कायदा कोणाच्या कामी येतो?

होम पोर्टची चौथी कसोटी, म्हणजे कायदा, सर्वांत कमी चर्चेत असते. विजय मल्ल्या यांच्या ‘इंडियन एम्प्रेस’ या ९५ मीटर लांबीच्या यॉटने तिचे महत्त्व दाखवले. नोंदणी आयल ऑफ मॅनची, मालक लंडनमध्ये आणि बोट माल्टात. सप्टेंबर २०१७पासून पगार थकल्यावर कर्मचाऱ्यांनी आपल्या संघटनेमार्फत मार्च २०१८मध्ये माल्टात बोट अडकवली. या कर्मचाऱ्यांत भारतीयही होते. थकबाकी दहा लाख डॉलरहून अधिक असल्याचे संघटनेचे म्हणणे होते. पहिल्या लिलावातील ४ कोटी ३५ लाख युरोंची बोली लावणाऱ्याने पैसे भरले नाहीत. अखेर सप्टेंबर २०१८मध्ये ती ३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली.

हे शक्य झाले कारण थकीत पगारासाठी बोट अडकवण्याचा हक्क माल्टाचा कायदा देतो आणि विक्रीच्या रकमेवर पगाराचा दावा कर्ज देणाऱ्या बँकेच्याही आधी येतो. शिवाय सागरी कामगार करारानुसार २०१७पासून जहाजमालकाला विमा घ्यावा लागतो. दोन महिने पगार मिळाला नाही तर कर्मचाऱ्याला वाऱ्यावर सोडले असे मानले जाते आणि विमा कंपनी चार महिन्यांपर्यंतचा पगार देते. भारताने हा करार २०१५मध्ये स्वीकारला आहे. मात्र तो व्यावसायिक वापराच्या बोटींना लागू होतो, निव्वळ खासगी वापराच्या यॉटला सहसा नाही.

कल्याण-डोंबिवलीतून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या तरुणांपैकी कोणी यॉटवरच्या नोकरीचा विचार करत असेल तर पुढील गोष्टी आधी तपासाव्यात.

- एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का? क्रमांक संकेतस्थळावर पडताळावा.
- बोट कोणत्या देशाच्या ध्वजाखाली आहे आणि ती व्यावसायिक आहे की खासगी?
- करारात पगार, सुट्टी आणि घरी परतण्याचा खर्च कोणाचा, हे लिहिले आहे का?
- होम पोर्ट शेंगेन देशात असल्यास कोणता व्हिसा मिळणार? पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणारा एजंट टाळावा.

डोंबिवलीच्या खाडीत मरीना होऊ शकते का?

याच चार कसोट्या लावल्या तर उत्तर नकारार्थी येते. उल्हास खाडी गाळाने उथळ झाली आहे. समुद्रापर्यंत जाताना मोठागाव-माणकोली पूल, दिवा-वसई रेल्वेमार्गाचा पूल, कशेळी आणि पुढे भाईंदरच्या खाडीवरील पूल आडवे येतात. उंच शिडाची बोट त्यांखालून जाणार नाही. इतिहासही हेच सांगतो. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी या खाडीत लढाऊ जहाजे बांधून घेतली, पण आरमाराचा मुक्काम खुल्या समुद्राकाठी सिंधुदुर्गसारख्या जलदुर्गांत ठेवला. सिंधुदुर्गची बांधणी १६६४मध्ये सुरू झाली. जहाज बांधायला आत, ठेवायला बाहेर, हा हिशोब तेव्हाही पक्का होता.

कमी पाण्यात चालणाऱ्या प्रवासी बोटींसाठी मात्र हीच खाडी योग्य आहे. २०१६च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गाला राष्ट्रीय जलमार्ग ५३ हा दर्जा मिळाला. त्याची लांबी १४५ किलोमीटर आहे. पहिल्या टप्प्यात भाईंदर, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली येथील जेट्टींचा समावेश करण्यात आला. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरूही झाली. डोंबिवलीकर मात्र अजून लोकल आणि शिळफाट्याच्या कोंडीतच आहेत.

मग डोंबिवलीला मरीनातून काय?

मिळालेच तर काम. यॉटच्या दुरुस्तीत फायबरचे पत्रे, स्टेनलेस स्टीलचे कठडे, पंप, वातानुकूलन, वायरिंग आणि रंग लागतात. डोंबिवली एमआयडीसीतील अभियांत्रिकी लघुउद्योगांना यातले बरेच काम नवे नाही. पण दुरुस्तीचे कंत्राट एकाच कंपनीच्या ताब्यात राहिले आणि बाहेरच्या कारागिरांना आवारात प्रवेश नसेल, तर हे काम इथपर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून निविदेतल्या तीन गोष्टींवर लक्ष ठेवायला हवे. दुरुस्तीच्या आवारात बाहेरच्या लघुउद्योगांना काम करता येईल का, नौकानयन शाळेची फी सामान्य घरातल्या मुलांना परवडेल का आणि ४२४ जागांपैकी छोट्या बोटींसाठी किती राखीव असतील. शिवाय मरीनावर ४७० कोटी घालू शकणारी सरकारी यंत्रणा राष्ट्रीय जलमार्ग ५३वरील जेट्टींना किती वेग देते, हेही त्याच हिशोबात धरावे लागेल.